पी16 निगेटिव्ह, पी53 ‘70 टक्के’: व्हल्व्हाच्या बायॉप्सी रिपोर्टमधले मार्कर कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 64. बाहेरच्या जननांगावर (व्हल्व्हावर) कित्येक वर्षं खाज आणि पांढरे चट्टे आहेत. आता एका बाजूला जाड, खरखरीत उंचवटा आला म्हणून तुकडा काढला. रिपोर्ट म्हणतो: डिफरन्शिएटेड व्हिन (व्हल्व्हाच्या त्वचेतली कॅन्सरची पूर्वावस्था), सोबत लायकेन स्क्लेरोसस (त्वचा पांढरी पाडणारा जुनाट दाह), पी16 निगेटिव्ह, पी53 70 टक्के पॉझिटिव्ह, केआय-67 40 टक्के, खोलवर शिरकाव (म्हणजे खुद्द कॅन्सर) दिसत नाही. पी16 निगेटिव्ह आलं म्हणजे चांगलंच ना? आणि 70 टक्के म्हणजे 70 टक्के कॅन्सर का?

दोन्हींचं उत्तर ‘नाही’. पी16, पी53 आणि केआय-67 ही पेशीतली प्रथिनं; तुकड्याच्या स्लाइडवर रंग देऊन ती बघतात, त्यांनाच मार्कर म्हणतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये निगेटिव्ह म्हणजे सुटलो, अशी आपली सवय असते. इथे ती फसवते. पी16 निगेटिव्ह याचा अर्थ एवढाच की हा आजार एचपीव्ही विषाणूमुळे झालेला नाही. आणि व्हल्व्हाच्या बाबतीत विषाणूशिवाय होणारा प्रकार जास्त खट्याळ असतो. 70 टक्के हा आकडा रंग घेतलेल्या पेशींचा आहे, कॅन्सरच्या शक्यतेचा नाही. खरं तर तो आकडा तिथे नसता तरी चाललं असतं. त्याऐवजी जे लिहायला हवं होतं ते लिहिलेलं नाही. त्याबद्दल पुढे सांगतो. आज आईला कॅन्सर झालाय असं हा रिपोर्ट म्हणत नाही. पण ‘सहा महिन्यांनी बघू’ म्हणून फाइलमध्ये लावून ठेवण्यासारखाही तो नाही.

व्हल्व्हाच्या कॅन्सरमध्ये दहातले नऊ स्क्वेमस (त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या) पेशींचे असतात, आणि त्यांची दोन कुळं आहेत. एक एचपीव्हीचं: बहुतेक वेळा टाइप 16, तुलनेने कमी वयात, अनेक ठिकाणी उठणारे डाग, सिगारेट आणि दुबळी प्रतिकारशक्ती (एचआयव्ही, किडनी बदलल्यानंतरची औषधं) यांची साथ. त्याची पूर्वावस्था म्हणजे एचसिल, जिला जुने रिपोर्ट ‘युज्वल व्हिन’ म्हणत. दुसरं कूळ विषाणूविना: उतारवय, वर्षानुवर्षांचा लायकेन स्क्लेरोसस, त्यातून डिफरन्शिएटेड व्हिन, म्हणजे डीव्हिन. साठीनंतरचे बहुतेक कॅन्सर या दुसऱ्या वाटेने येतात. 2020 च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणाने ही दोन कुळं स्वतंत्र आजार म्हणून नोंदली. पी16 आणि पी53 ही जोडी आधी कूळ ओळखायला असते. बाकीचे अर्थ त्याच्या मागून येतात.

पी16 कसं काम करतं ते एकदा समजलं की गोंधळ होत नाही. एचपीव्हीचं ई7 नावाचं प्रथिन पेशीतल्या आरबी या ब्रेकला निकामी करतं. ब्रेक गेल्यावर पेशी पी16 नावाचा दुसरा ब्रेक भरमसाट बनवत राहते, पण त्याचा उपयोग होत नाही. म्हणून पी16 चा साठा हा विषाणू कामाला लागल्याचा अप्रत्यक्ष पुरावा. अट एकच: रंग ‘ब्लॉक’ पद्धतीचा हवा. तळाच्या थरापासून सलग, गडद, केंद्रकात आणि पेशीद्रवात दोन्हीकडे, आणि उंचीत त्वचेच्या थराच्या निदान एक तृतीयांशापर्यंत. मध्येच चार पेशी रंगल्या, मध्येच चार कोऱ्या, असं ठिपक्याठिपक्यांचं चित्र निगेटिव्हच धरायचं. ‘फोकली पॉझिटिव्ह’ किंवा ‘20 टक्के पॉझिटिव्ह’ असं लिहिलेला पी16 रिपोर्ट पुन्हा वाचून घ्यावा, कारण त्यात निर्णयच दिलेला नाही.

पी53 अधिक अवघड आहे, आणि चुका इथेच जास्त होतात. निरोगी पेशीत हे प्रथिन थोडंसं तयार होतं आणि लगेच नष्ट होतं, म्हणून स्लाइडवर फिकट, विखुरलेले ठिपके दिसतात. जनुकात एका अक्षराची चूक झाली की प्रथिन बिघडलेलं असूनही टिकून राहतं, साठतं, आणि पेशीमागून पेशी गडद रंगते. जनुक मध्येच तुटलं तर प्रथिन तयारच होत नाही, आणि स्लाइड पूर्ण कोरी दिसते. म्हणजे बिघाडाचं चित्र अतिगडदही असू शकतं आणि शून्यही. टक्केवारी निरुपयोगी ठरते ती यामुळे: शून्य टक्के हा सर्वांत वाईट निकाल असू शकतो आणि 40 टक्के अगदी सामान्य.

वाचायचे असतात ते नमुने, आणि ते सहा आहेत. सामान्य दोन: विखुरलेला, आणि मधल्या थरांत रंग पण तळाची ओळ कोरी. हा दुसरा एचपीव्हीच्या आजारात दिसतो, कारण विषाणूचं ई6 प्रथिन पी53 ला नष्ट करत असतं. बिघाडाचे चार: तळाच्या ओळीत सलग गडद; तळापासून वरच्या थरांपर्यंत चढलेला गडद; पूर्ण अभाव; आणि केंद्रकाऐवजी पेशीद्रवात रंग. डीव्हिनमध्ये पहिले दोन जास्त भेटतात. तेव्हा आईच्या पॅथॉलॉजिस्टना विचारायचा प्रश्न असा: ‘70 टक्के ठीक आहे, पण नमुना कोणता? तळाची ओळ सलग आहे का, आणि रंग वर चढलाय का?’ एका ओळीची पुरवणी ते सहज देतील.

‘अभाव’ लिहिण्याआधी त्याच स्लाइडमधल्या खालच्या तंतुपेशी, लिम्फोसाइट किंवा शेजारची चांगली त्वचा फिकट रंगली आहे की नाही ते पाहावंच लागतं. तीही कोरी असेल तर दोष जनुकाचा नाही, रंगकामाचा. मी यावर अडून बसतो, कारण फॉर्मालिनमध्ये चार-पाच दिवस लोळलेल्या तुकड्यात पी53 आपसूक नाहीसं होतं आणि त्याला कोणी ‘म्युटंट’ (जनुक बिघडलेलं) म्हणून जातं. उलटी चूकही होते: खरा अभाव ‘निगेटिव्ह, म्हणजे नॉर्मल’ म्हणून सुटतो. या दुसऱ्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो.

आता जोडी एकत्र वाचू. पी16 ब्लॉक पॉझिटिव्ह आणि पी53 सामान्य नमुन्याचं: एचपीव्हीचं कूळ. पी16 निगेटिव्ह आणि पी53 बिघाडाचं: विषाणूविना कूळ, आणि याचाच कल सर्वांत वाईट. दोन्ही नाहीत, म्हणजे पी16 निगेटिव्ह आणि पी53 सामान्य, असा एक तिसरा गट आहे. त्यात चामखिळीसारख्या, वर वाढणाऱ्या जखमा जास्त, आणि पीआयके3सीए किंवा एचरास जनुकांत बदल सापडतात. हा गट मधल्या वाटेचा: डोळा ठेवावा लागतो, पण पी53 बिघडलेल्याइतका आक्रमक नसतो. कधीमधी दोन्ही पॉझिटिव्ह येतात. अशा वेळी तर्क लढवत बसण्यापेक्षा एचपीव्हीची आरएनए इन-सिटू चाचणी (विषाणू पेशीतच कामाला लागलाय का ते स्लाइडवर दाखवणारी) करून घ्यावी. नुसत्या पीसीआरने डीएनए सापडला तर तो वरवर बसलेला प्रवासी विषाणूही असू शकतो.

केआय-67, म्हणजे विभागणाऱ्या पेशी दाखवणारा मार्कर, याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. निरोगी त्वचेत तळाची ओळ बहुतांशी कोरी आणि तिच्यावरची ओळ रंगलेली असते. डीव्हिनमध्ये तळाची ओळही रंगते. एचसिलमध्ये रंग पार वरपर्यंत जातो. निदानाला एवढा हातभार पुरे. 40 टक्के म्हणजे वाईट आणि 20 म्हणजे बरं, असा हिशेब स्तनाच्या कॅन्सरमधून उचलून इथे लावू नये.

डीव्हिन हे निदान मुळात निसटतं का, हेही सांगायला हवं. नावाप्रमाणेच या पेशी ‘शहाण्या’ दिसतात: वरचे थर नीट पिकलेले, विकृती फक्त तळाच्या एक-दोन ओळींत. घाईत तो जुनाट खाजेचा जाडपणा वाटतो. मार्कर इथे कामी येतात, पण तेही भाबडेपणाने वाचून चालत नाही. सुजलेल्या, रक्तपुरवठा घटलेल्या लायकेन स्क्लेरोससमध्ये जनुक शाबूत असतानाही तळाचं पी53 ताणाने वाढतं. मात्र ते मध्यम गडद, तुटक आणि तळापुरतंच राहतं. पेशींची विकृती नसेल तर केवळ पी53 वर डीव्हिन लिहू नये. दुसरीकडे, एचसिलवर खाजवून खाजवून जाडी चढली की ते हुबेहूब डीव्हिनसारखं दिसतं. पी16 ब्लॉक आला की खरं कूळ कळतं. आणि काही डीव्हिन एचसिलचं सोंग घेतात, पूर्ण जाडीत गडद बारीक पेशी. तिथे पी16 निगेटिव्ह आणि पी53 बिघडलेलं सापडतं. म्हणून दिसायला कितीही स्पष्ट असलं तरी दोन्ही रंग करावेत. दोन स्लाइडचा खर्च चुकीच्या उपचारापेक्षा केव्हाही कमी.

मार्करची गुणवत्ता ओपीडीतच ठरते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी लिहितो. 4 मिमी पंच (छोटा गोल तुकडा काढायचं साधन) पुरतो, पण जागा नेमकी हवी: सर्वांत जाड भाग, किंवा व्रण असेल तर त्याची कड. व्रणाच्या मधोमध फक्त मृत पेशी आणि पू मिळतो. चट्टे वेगवेगळ्या रूपाचे असतील तर प्रत्येकातून वेगळा तुकडा, वेगळी बाटली, आणि कागदावर साधी आकृती. तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या दहापट द्रवात. सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच सडायला लागतो, आणि मग पेशींचे तपशीलही जातात, रंगही. प्रयोगशाळेत तुकडा कडेवर उभा बसवला नाही तर काप तिरका जातो. तिरक्या कापात तळाची ओळ जाड भासते, पी53 ‘वर चढल्यासारखं’ दिसतं, आणि कधी खाली उतरलेल्या निरोगी त्वचेच्या कोंबांचा गोल काप शिरकाव म्हणून मोजला जातो. फॉर्मवर ‘व्हल्व्हा बायॉप्सी, खाज’ एवढंच न लिहिता लायकेन स्क्लेरोसस किती वर्षं आहे, कोणतं मलम चालू आहे, आधीचा रिपोर्ट काय, हे लिहिलं तर पॅथॉलॉजिस्ट डीव्हिन शोधायला बसतो. न सांगता तो सापडेल अशी अपेक्षा अन्यायाची आहे.

आता पुढचं भाकीत. नेदरलँड्सच्या देशव्यापी पॅथॉलॉजी नोंदींत 10 वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण एचसिलमध्ये सुमारे 10 टक्के, तर डीव्हिनमध्ये सुमारे 50 टक्के निघालं. शिवाय डीव्हिनमधून कॅन्सर होण्याचा काळही कमी असतो, बऱ्याचदा दोन-तीन वर्षांचा. आईच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे: उंचवटा जाड, खरखरीत आहे आणि तपासलाय फक्त 4 मिमीचा तुकडा. अशा उंचवट्याच्या दुसऱ्या टोकाला शिरकाव आधीच सुरू झालेला असू शकतो. म्हणून डीव्हिनला पूर्ण काढणं हाच उपचार, आणि काढलेला भाग दोऱ्याने दिशा दाखवून, कडा शाईने रंगवून, पूर्णपणे तपासायला द्यायचा. लेझरने जाळलं तर तपासायला काही उरत नाही. इमिक्विमॉड मलमही इथे नको. एचसिलमध्ये ते खरोखर उपयोगी आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत शस्त्रक्रियेइतकंच यश, दोन्हीकडे जवळपास 80 टक्के, दिसलं. पण ते विषाणूच्या आजारासाठी. कूळ ओळखण्याचा रोजच्या कामातला सर्वांत मोठा फायदा हाच: एका रुग्णाची त्वचा मलमाने वाचते, दुसरीचा वेळ मलमात वाया जात नाही.

काढलेल्या भागात कॅन्सर निघालाच तर मार्कर मागच्या बाकावर जातात. आयुष्याचा अंदाज सर्वांत जास्त जांघेतल्या लसिकाग्रंथींवरून येतो. ग्रंथी मोकळ्या असतील तर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 80 ते 90 टक्क्यांच्या घरात असतं. ग्रंथींत रोग गेला की ते निम्म्याच्या आसपास घसरतं, आणि अनेक ग्रंथी असतील किंवा रोग ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आला असेल तर आणखी खाली. म्हणून शिरकावाची खोली मिलिमीटरमध्ये लिहिलेली हवी. 2 सेंमीपर्यंतची गाठ आणि 1 मिमीपर्यंतची खोली असेल तर स्टेज वनए, आणि ग्रंथींना हात लावायची गरज नसते. 1 मिमीच्या पुढे जांघ तपासावीच लागते. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2021 मध्ये खोली मोजायची सुरुवातीची रेघही बदलली: आता ती शेजारच्या, विकृत पण शिरकाव नसलेल्या सर्वांत खोल कोंबाच्या तळापासून धरतात. पूर्वी ती सर्वांत उथळ पॅपिलाच्या (दोन कोंबांमधून वर आलेल्या खालच्या थराच्या सुळक्याच्या) टोकापासून मोजत. त्यामुळे तोच ट्यूमर नव्या पद्धतीने उथळ भरू शकतो. जुन्या-नव्या रिपोर्टची तुलना करताना आधी कोणती पद्धत वापरली ते विचारा.

गाठ एकच, 4 सेंमीपेक्षा लहान आणि जांघेत काही लागत नसेल, तर पूर्ण ग्रंथी न काढता सेंटिनल ग्रंथी, म्हणजे रोग सर्वांत आधी जिथे पोचतो ती, काढतात, किरणोत्सारी टेक्नेशियम आणि निळा रंग वापरून. त्याने पायाची कायमची सूज बरीच टळते. त्या ग्रंथीचे अगदी कमी अंतरावर काप घेऊन आणि सायटोकेराटिनचा (स्क्वेमस पेशींतल्या प्रथिनाचा) रंग देऊन तपासतात, कारण साध्या रंगात दोन-चार पेशींचा पुंजका सुटतो. मोजमाप इथेही नेमकं लागतं: ग्रोइन्स-व्ही टू या अभ्यासात ग्रंथीतला ठिपका 2 मिमीपर्यंत असलेल्या बायकांना फक्त जांघेचं रेडिएशन दिलं, आणि दोन वर्षांत जांघेत रोग परतण्याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आत राहिलं. ठिपका 2 मिमीपेक्षा मोठा असताना तेवढ्यावर भागवलं तेव्हा ते 20 टक्क्यांच्या वर गेलं. रिपोर्टमध्ये नुसतं ‘ग्रंथी पॉझिटिव्ह’ असेल तर आकार विचारल्याशिवाय पुढचा निर्णय घेऊ नये.

मार्कर परत पुढे येतात ते त्याच जागी रोग उलटण्याच्या बाबतीत. पी16 पॉझिटिव्ह कॅन्सर जगण्याच्या दृष्टीनेही बरे आणि रेडिएशनला जास्त दाद देणारे. पी53 बिघडलेले कॅन्सर पुन्हा पुन्हा तिथेच उगवतात. पूर्वी सगळा भर कडेच्या 8 मिमी मोकळ्या पट्ट्यावर असे. अलीकडच्या मोठ्या मालिकांत असं दिसतं की, कड मोकळी असेल तर किती मिलिमीटर यापेक्षा त्या कडेवर डीव्हिन किंवा लायकेन स्क्लेरोसस शिल्लक आहे का, हे जास्त बोलकं असतं. अर्थ उघड आहे: जमीनच तशी असेल तर नवं रोप शेजारी येतं. म्हणून कडेच्या कापांवर पी53 करून घेणं वाजवी. फक्त लक्षात ठेवा, फॉर्मालिनमध्ये त्वचा आकसते. टेबलावर 10 मिमी भरलेली कड स्लाइडवर 8 भरते, त्यावरून सर्जनशी भांडू नये.

पीडी-एल1 सुरुवातीच्या आजारात मागवू नका. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात, केमो चालेनाशी झाल्यावर, पेम्ब्रोलिझुमॅबचा (प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधाचा) विचार करताना हा मार्कर बघतात. कीनोट-158 या चाचणीत व्हल्व्हा कॅन्सरच्या 101 रुग्णांपैकी साधारण 11 टक्क्यांना गुण आला, आणि पीडी-एल1 वरून कोणाला गुण येईल हे नीट सांगता आलं नाही. ईजीएफआर, टर्ट, सीडीकेएन2ए ही जनुकं संशोधनात रस असणाऱ्यांसाठी. लाखभर रुपयांचं जनुक पॅनेल डीव्हिनच्या टप्प्यावर कोणी सुचवलं, तर त्याने आईच्या उपचारात नेमका काय फरक पडेल, एवढं विचारा. आणि हे सगळं स्क्वेमस आजाराबद्दल. लाल, ओलसर, एक्झिमासारखा न हटणारा चट्टा असेल तर पॅजेट, काळा असेल तर मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर) हे वेगळे आजार; त्यांचे रंग वेगळे असतात (सीके7, सीके20, एसओएक्स10) आणि ते वेगळे मागवावे लागतात.

शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या त्वचेतला लायकेन स्क्लेरोसस तसाच सोडायचा नाही. क्लोबेटासॉल 0.05 टक्के ऑइंटमेंट: महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एकाआड एक, मग आठवड्यातून दोनदा. 30 ग्रॅमची ट्यूब तीन महिने पुरायला हवी. आधी संपली तर जास्त लागतंय, वर्षभर पुरली तर लागतच नाहीये. ऑस्ट्रेलियातल्या 507 बायकांच्या पाहणीत नियमित स्टेरॉइड लावणाऱ्यांत एकीलाही कॅन्सर झाला नाही. टाळाटाळ करणाऱ्यांत प्रमाण 4.7 टक्के होतं. आपल्याकडे अडचण वेगळीच असते. बाई लाजेने सांगत नाही, मग मेडिकलमधून बुरशी-स्टेरॉइड-अँटिबायॉटिकची मिश्र क्रीम येते, खाज आठवडाभर थांबते, चट्टा कोड समजून सोडून दिला जातो. ती क्रीम बंद करा. तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी, आणि ती आयुष्यभर. नवी जाडी, भेग किंवा न भरणारा व्रण दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता नवा तुकडा. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाची तपासणी) नॉर्मल आहे म्हणून व्हल्व्हा नॉर्मल, असं होत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल: आईचा प्रकार विषाणूचा नाही, त्यामुळे तो संसर्गाने पसरत नाही, आणि एचपीव्हीची लस या वाटेला अडवत नाही. घरातल्या मुलींनी लस घ्यावी ती गर्भाशयमुखासाठी आणि व्हल्व्हाच्या एचपीव्हीवाल्या कुळासाठी; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक टाइप 16 आणि 18 वर चालते. मात्र लायकेन स्क्लेरोसस काही घरांत एकाहून अधिक जणींना होतो, तेव्हा तुम्हाला तशी खाज किंवा पांढरेपणा असेल तर दाखवून घ्या.

या आठवड्यात करायचं ते असं. जिथे तपासणी झाली तिथून पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला मूळ तुकडा) आणि सगळ्या स्लाइड लेखी अर्ज देऊन घ्या. ब्लॉक हवाच, कारण नवा रंग जुन्या स्लाइडवर होत नाही. तो कॅन्सर रुग्णालयातल्या स्त्रीरोग पॅथॉलॉजी बघणाऱ्या व्यक्तीकडे दुसऱ्या वाचनाला द्या आणि फॉर्मवर लिहा: ‘पी53 नमुना, पी16 ब्लॉक आहे की नाही, आणि आणखी खोल काप घेऊन शिरकाव वगळावा.’ ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.